सातबाऱ्यावरचं 'कूळ' आणि चरीचे नारायण नागू

गणपतीच्या आधी आतेभावाचा कल्याणहून फोन आला. पोयनाडच्या बाजूला त्याच्या वाटणीची चौदा गुंठे जमीन आहे. अटल सेतू झाल्यापासून आमच्या तालुक्यात दर तिसऱ्या माणसाच्या खिशात एक एजंट असतो, तसा त्यालाही एक भेटला होता. भाव ठरला, पेढे खाऊन झाले आणि मग एजंटाने उतारा बघून सांगितलं, "शेठ, यावर कूळ कायद्याचं कलम ४३ आहे. आधी ते काढा."

भाऊ वैतागला होता. "अरे, जमीन आपली ना? आजोबांपासून आपणच कसतोय ना? मग आपल्याच उताऱ्यावर आपण कूळ कसे?"

कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. हा प्रश्न कोकणात रोज कोणीतरी कोणालातरी विचारत असतो. बहुतेकदा तलाठ्याला विचारतात (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण तोंडात बसलेलं नाही). तलाठी कलमं सांगतो, गोष्ट सांगत नाही. गोष्टीत मात्र एक माणूस आहे, ज्याचं नाव रायगड ओलांडलं की कोणाला माहीत नसतं: नारायण नागू पाटील. मंत्रालयात त्यांचा फोटो नाही. ते ज्या राजकारणात वावरले ते सत्तेपासून कायम दोन हात लांब राहिलं. तरीही माझ्या आतेभावाच्या उताऱ्यावर नाव चढलं त्याची सुरुवात बऱ्याच अंशी त्यांच्यापासून होते. म्हणून आधी जमीन समजून घेऊ, मग माणूस.

खोत म्हणजे कोण? जत्रेतल्या पार्किंगचा ठेकेदार

जत्रेत पार्किंगचा ठेका देतात ते आठवा. ग्रामपंचायत एका माणसाकडून एकरकमी पैसे घेते आणि मोकळी होते. पुढे तो दुचाकीला दहा घेतो की पन्नास, पावती देतो की नाही, हे बघायला पंचायत येत नाही. तिचे पैसे आलेले असतात.

खोती हा असाच ठेका, फक्त गाड्यांच्या जागी गाव. सरकारला गावाचा शेतसारा हवा असतो. दहा-दहा घरांत जाऊन तो गोळा करण्यापेक्षा एकाच माणसाला जबाबदार धरायचं: तू एवढी रक्कम भर, गावाकडून काय घ्यायचं ते तू बघ. हा माणूस म्हणजे खोत. पद्धत इंग्रजांच्या कितीतरी आधीची, आणि ठेका बापाकडून मुलाकडे जायला लागला तशी ती वतनासारखी घट्ट झाली. इंग्रजांनी १८८० साली खोतीचा कायदा करून तिला चौकट दिली. रत्नागिरीत तिचा जोर सगळ्यात जास्त, त्याखालोखाल कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगडात.

सरकारला द्यायचं आणि गावाकडून घ्यायचं, यातला फरक खोताच्या घरात राहायचा. सगळी मेख इथेच आहे. घेण्यावर वरची मर्यादा कागदोपत्री असली तरी कागद वाचणारा गावात एकच, आणि तो खोत.

एक खुलासा. आमच्याकडे बोलताना मोठ्या जमीनदाराला आणि सावकारालाही सरसकट 'खोत' म्हणतात. कायद्याच्या भाषेत दोन नाती वेगळी आहेत. खोती हे सरकार आणि गावाचा ठेकेदार यांच्यातलं नातं, आणि कूळ हे जमिनीचा मालक आणि कसणारा यांच्यातलं. बऱ्याच गावांत ठेकेदार आणि मालक एकच असल्यामुळे कसणाऱ्याला दोन्हीकडून एकाच हाताची चापट बसायची. पण नाती दोन असल्यामुळे ती मोडायला पुढे कायदेही दोन लागले.

कूळ: अकरा महिन्यांचा करार, पण शेताचा

मुंबईत भाड्याने राहिलेल्यांना हे पटकन कळेल. घरमालक करार अकरा महिन्यांचाच का करतो? भाडेकरू रुजू नये म्हणून. वर्ष उलटायच्या आत कागद संपवायचा आणि नवा करायचा, म्हणजे तुम्ही वीस वर्षं राहिलात तरी कागदावर कायम नवखेच.

कुळाची 'कबुलायत' अशीच असायची. दर वर्षी नवी. त्यात कुळाने कबूल करायचं की जमीन तुमची, मी या वर्षापुरता कसणारा, अमुक मण भात खंड म्हणून घालीन, बांध सांभाळीन. खंड म्हणजे शेताचं भाडं, बहुतेकदा धान्यातच. अर्धं पीक द्यायचं ठरलं असेल तर ती अर्धल. पीक बुडालं तरी ठरलेला खंड ठरलेलाच. घरात भात नाही म्हणून तो खोताकडूनच उधार आणायचा, आणि पुढच्या वर्षी त्याच्यावर वाढी, म्हणजे धान्यातलं व्याज, द्यायची. बाप, आजा, पणजा त्याच खाचरात राबला असला तरी पुरावा म्हणाल तर एका वर्षाचा अंगठा.

ही सगळी व्यवस्था चालू ठेवायला मारझोड करावी लागतेच असं नाही. 'पुढच्या वर्षी जमीन दुसऱ्याला देईन' हे एक वाक्य पुरतं. त्याच्या जोरावर वेठीला बोलावता येतं, परसातली भाजी मागता येते, गाय व्याली की खरवस मागता येतो.

खारेपाटातला माणूस

नारायण नागूंचा जन्म १८९२ सालचा, अलिबाग तालुक्यातल्या धेरंडचा. धेरंड-शहापूर ही नावं गेल्या वीसेक वर्षांत बाहेरच्यांनी ऐकली ती विजेच्या प्रकल्पासाठीच्या भूसंपादनामुळे. घर आगरी शेतकऱ्याचं.

तो मुलूख डोळ्यांसमोर आणल्याशिवाय पुढचं कळणार नाही. खारेपाट म्हणजे खाडीकडून हिसकावून घेतलेली जमीन. वर्षानुवर्षं चिखलाची ढेकळं एकावर एक रचून घातलेले बांध आणि बांधात लाकडी दारं, ज्यांना उघाडी म्हणतात. ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला खाडीचं पाणी आत येत नाही. आतल्या बाजूला भात, बाहेरच्या बाजूला कांदळ, म्हणजे खारफुटी, आणि निवट्या. पावसाळ्यात अमावास्या-पुनवेच्या उधाणाला बांधाला खांड पडली की अख्खं गाव रात्री पाटी-फावडं घेऊन धावतं. एका खांडीतून खारं पाणी शिरलं की ती जमीन दोन-तीन पावसाळे भात देत नाही. बांध राखायचं हे सामाईक काम, त्याला जोळ म्हणतात. ज्याची जमीन तो माणूस पाठवतो, किंवा पाठवायला हवा.

लहानपणी मी आजीबरोबर बांधावरून चालत असे. ती मध्येच थांबायची, वाकायची आणि खेकड्याच्या बिळात टाचेने चिखल ठोकायची. बीळ मोठं झालं की त्यातून पाणी झिरपतं, झिरप मोठी झाली की खांड. जमीन आमची झाली त्यालाही तोवर वीस-पंचवीस वर्षं झाली होती, पण ती सवय तिच्या सासूची, म्हणजे कुळाच्या काळातली. जमीन खोताची, खंड खोताचा, आणि खेकड्याचं बीळ मात्र कुळाचं.

इतकं राबून भाताचा मोठा वाटा दुसऱ्याच्या ओटीवर ओतायचा, याविरुद्ध नारायण नागू बोलू लागले. १९२७ च्या सुमाराला कोकण प्रांत शेतकरी संघ उभा राहिला. त्यांच्या जोडीला होते अनंत चित्रे. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहात डॉ. आंबेडकरांबरोबर काम केलेले, स्वतः पांढरपेशा कायस्थ घरातले. आगरी शेतकरी आणि कायस्थ कार्यकर्ता ही जोडी गावोगाव सभा घेत फिरली. सरकारने भाषणबंदी घातली. ती उठली आणि मग चरीची सभा झाली.

जमीन न कसणं हे हत्यार कसं?

२७ ऑक्टोबर १९३३. अलिबाग तालुक्यातलं चरी. भातकापणीचे दिवस. सभेत ठरलं की खोतांची जमीन कसायची नाही. पंचवीस गावं त्यात उतरली. संप १९३९ पर्यंत, म्हणजे सहा वर्षं चालला. काही जण याला जगातला सगळ्यात लांबलेला शेतकरी संप म्हणतात. ते मोजत बसण्यात मला रस नाही. सहा पावसाळे शेतात पाऊल न टाकणं म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

शहरातल्या वाचकाला मात्र इथे अडखळायला होतं. गिरणी बंद पडली तर मालकाचं यंत्र जागेवर असतं. संप मिटला की पुन्हा चालू. शेत पडीक राहिलं तर मालकाचं असं काय बिघडतं? जमीन कुठे पळते?

खारेपाटात ती पळते! उघाडीची फळी कुजली, खेकड्याची बिळं ठोकायला कोणी नाही, जोळीला माणूस नाही, की एक उधाण पुरतं. आत खारं पाणी, त्यामागोमाग कांदळ. जमिनीला जिवंत ठेवणारे हातच काढून घेतले की मालकाकडे उरतो नकाशा. वर सरकारचा सारा त्याला भरावाच लागतो, पीक येवो न येवो. पार्किंगच्या ठेकेदाराने पैसे आधीच भरलेत आणि एकही गाडी आली नाही, तशी गत. देशावर हाच संप इतका टोचला नसता. बाहेरून मजूर आणून कोरडवाहू नांगरता येतं. खारेपाटाचा बांध राखायला ते पाणी ओळखणारा माणूस लागतो, आणि तो माणूस संपावर होता.

'पण उपाशी शेतकरीच राहिले ना?'

राहिले. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. संपातल्या घरांनी डोंगरातली लाकडं तोडून विकली, मिळेल ती मजुरी केली, खाडीत उतरून जे हाताला लागेल ते खाल्लं. भाताच्या मुलखातली माणसं भात विकत घेऊन खात होती, तोही मिळाला तर. सावकाराने दारं बंद केली, कारण सावकार तोच. कोर्टकचेऱ्या झाल्या.

हौतात्म्याचे ढोल वाजवणारे हा भाग दोन ओळींत उरकतात. मला उलट वाटतं, पुढारी म्हणून नारायण नागूंचं माप याच भागात कळतं. सभा गाजवणं एका संध्याकाळचं काम. पंचवीस गावांत सहा वर्षं कोणी फुटून गुपचूप नांगर धरत नाही, हे राखणं रोजचं. त्यासाठी आज या गावात, उद्या त्या गावात जाऊन ओट्यावर बसावं लागतं, कोणाच्या घरात लग्न अडलंय, कोण आजारी आहे हे बघावं लागतं. यातलं काहीच वर्तमानपत्रात छापून येत नाही. म्हणूनही असेल, पण १९३७ साली त्यांनी आपलं वर्तमानपत्रच काढलं, 'कृषीवल'. अलिबागहून ते अजून निघतं. आमच्याकडे चहाच्या टपरीवर सकाळी त्याची पानं तीन माणसांत वाटली जातात.

चौदा-पंधरा आमदारांचा पक्ष काय करणार?

१९३४ च्या डिसेंबरात डॉ. आंबेडकर चरीला शेतकरी परिषदेसाठी आले. अस्पृश्यांचा नेता आगरी-कुणब्यांच्या परिषदेत अध्यक्ष म्हणून बसतो, ही त्या काळातल्या कोकणात साधी गोष्ट नव्हती. दोन वर्षांनी, १९३६ साली, आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि खोतीचा प्रश्न सभेतून विधिमंडळात गेला. चित्रे या पक्षाकडून रत्नागिरीतून निवडून गेले.

आकडे बघा. मुंबई विधानसभेच्या जागा १७५. स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार जेमतेम चौदा-पंधरा. सरकार काँग्रेसचं, मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, तेही मूळचे रत्नागिरीकडचे. १७ सप्टेंबर १९३७ ला आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्यात तीन गोष्टी होत्या: खोती बंद, खोतांना वाजवी भरपाई, आणि प्रत्यक्ष जमीन ताब्यात असणाऱ्याला सरकारदरबारी थेट कब्जेदाराचा दर्जा. ठेकेदाराला पैसे देऊन घरी पाठवा आणि गाडीवाल्याचं नाव थेट पंचायतीच्या वहीत लिहा, इतकं सोपं. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी बोटीने आणि पायी मुंबईला गेले आणि विधिमंडळावर मोर्चा नेला.

विधेयक मंजूर झालं नाही. पंधरा हात वर करून कायदा होत नसतो.

इथे थांबलं तर लहान पक्ष म्हणजे वाया गेलेलं मत, असं म्हणणाऱ्यांचा विजय होतो. थांबायचं नाही. लहान पक्षाला कायदा करता येत नसला तरी मोठ्या पक्षाची झोप उडवता येते. पार्किंगच्या ठेक्याबद्दल ग्रामसभेत एकटा म्हातारा दर वेळी उठून विचारत राहिला की ठराव त्याच्या नावावर होत नाही, पण सरपंच पुढच्या वर्षी दरपत्रक लावतो. १९३९ साली महसूलमंत्री मोरारजी देसाई स्वतः चरीला आले. त्याच वर्षी मुंबई प्रांताचा पहिला कूळ कायदा झाला आणि संप मिटला.

'मग श्रेय काँग्रेसचंच ना? कायदे त्यांनी केले'

सही त्यांची, यात वाद नाही. कायदे कसे आले ते भराभर सांगतो.

१९३९ च्या कायद्याने 'संरक्षित कूळ' ही नवी जात जन्माला घातली. १ जानेवारी १९३८ च्या आधी सलग सहा वर्षं जमीन कसली असेल तर मालकाला सहज हाकलता येणार नाही. दर वर्षीच्या कबुलायतीचा डाव इथे पहिल्यांदा उलटला, कारण कायद्याने कागदाचं वर्ष न बघता कसण्याची वर्षं मोजायला सुरुवात केली. कायदा सगळ्या प्रांतात लागू व्हायला मात्र १९४६ उजाडलं. १९४८ साली मोठा कूळ कायदा आला, जो आजही उताऱ्यांवर राज्य करतो. १९४९ चा खोती रद्द करण्याचा कायदा मे १९५० पासून लागू झाला, बारा वर्षांपूर्वी पंधरा जणांनी मांडलेलीच कल्पना. आणि मग १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्याने त्या जमिनीचा खरेदीदार मानला गेला.

काँग्रेसमध्ये जमीन सुधारणेची मनापासून ओढ असलेली माणसं होती आणि कुळांचा प्रश्न देशभर पेटलेला होता. चरी झालं नसतं तरी कायदा कधीतरी आलाच असता. पण कधी आणि कसा, यात फरक पडतो. सहा वर्षांचा संप डोळ्यांसमोर असलेला मंत्री आणि नसलेला मंत्री सारखाच मसुदा लिहीत नाहीत.

खोतांचीही एक बाजू होती. सगळे खोत वाड्यात राहणारे नव्हते. भाऊबंदांत वाटण्या होऊन कित्येक खोतांच्या वाट्याला नावापुरता तुकडा उरला होता. खोत ब्राह्मण होते, मराठे होते, मुसलमान होते. लोकमान्य टिळकांनी विसाव्या शतकाच्या तोंडावर सरकारच्या खोती विधेयकाला विरोध केला तो सरकार वतनदारांचे हक्क मोडतंय म्हणून. त्यांच्या लेखी भांडण इंग्रज विरुद्ध खोत असं होतं. कूळ त्या भांडणात कुठेच नव्हतं. नारायण नागूंनी केलं ते एवढंच की तिसऱ्याला भांडणात आणून बसवलं.

कलम ४३ आपल्या दारात

आता आतेभावाच्या प्रश्नाकडे येऊ. कृषक दिनाला कूळ खरेदीदार 'मानला' गेला, पण फुकट नाही. तहसीलदार शेतजमीन न्यायाधिकरण म्हणून बसायचे, दोन्ही बाजू ऐकायचे आणि किंमत ठरवायचे. हे कलम ३२-ग. किंमत साऱ्याच्या पटीत, साध्या कुळासाठी वीसपट ते दोनशे पट, या दरम्यान. ती बारा वार्षिक हप्त्यांपर्यंत फेडता यायची. शेवटचा हप्ता भरला की प्रमाणपत्र, ३२-म.

आमच्या घरी ते आहे. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाच्या खाली, चार घड्या पडलेलं, घडीवर फाटलेलं, मागून कोणीतरी खळीने कागद चिकटवलाय. आजोबांची सही नाही, डाव्या हाताचा अंगठा आहे. बैलगाडीने तालुक्याला जाऊन हप्ता भरल्याच्या पावत्या त्यालाच टाचणीने लावलेल्या. टाचणी गंजून तिचं भोक आता तपकिरी झालंय.

सरकारला एक भीती होती, आणि ती रास्त होती. काल मालक झालेला माणूस उद्या कर्जाच्या चिमट्यात सापडेल आणि जमीन पुन्हा त्याच सावकाराला विकेल. म्हणून कलम ४३: अशी मिळालेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकायची नाही, गहाण टाकायची नाही, बक्षीस द्यायची नाही. उताऱ्यावर 'कूळ कायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र' असा जो शेरा दिसतो तो हाच. घरकुलात मिळालेलं घर काही वर्षं विकता येत नाही, त्यातलाच प्रकार.

२०१४ साली यात सूट आली. ३२-म प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर साऱ्याच्या चाळीसपट रक्कम भरून जमीन विकता येते. उताऱ्यावर 'आकार', म्हणजे सारा, अडीच रुपये असेल तर चाळीसपट म्हणजे शंभर रुपये. भावाला हे सांगितलं तेव्हा तो हसायलाच लागला. रक्कम शंभर, आणि ती भरायला कल्याण-अलिबाग किती फेऱ्या ते एस.टी. जाणे. घेणारा शेतकरी असावा लागतो, ही अट मात्र सुटीनंतरही कायम आहे. ती वेगळ्या कलमाची, ६३ ची.

म्हणजे 'आपल्याच उताऱ्यावर आपण कूळ कसे' याचं उत्तर असं: आपण कूळ होतो म्हणूनच उतारा आपला आहे. शेरा आपल्याविरुद्ध लिहिलेला नाही. आपल्याकडून जमीन सहज निसटू नये म्हणून लिहिलेला आहे.

'कूळ कायद्यानेच कोकण ओसाड पाडलं'

हा आक्षेप मी लग्नाच्या पंगतीत, बोटीत, बँकेच्या रांगेत ऐकलाय, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मुंबईकर चाकरमान्याची गावी दोन एकर आहे. त्याला कसता येत नाही. शेजारी कसायला तयार आहे. पण चाकरमानी देत नाही, 'उद्या कूळ लागलं तर?' म्हणून. जमीन पडीक, त्यात रान, रानात डुकरं, आणि डुकरं शेजाऱ्याचंही भात खातात. दिलीच तर तोंडी, कागद न करता, म्हणजे शेजाऱ्याला ना पीककर्ज ना नुकसानभरपाई. ज्या कायद्याने कसणाऱ्याला कागद दिला त्याच्या भीतीने आज कसणाऱ्याला कागद मिळत नाही. हा कायद्याचा दोष आहे, आणि जमीन भाड्याने देण्याची सुरक्षित सोय करणं हे सरकारचं काम पडून राहिलंय.

पण सगळं पडीक रान कूळ कायद्याच्या खात्यावर टाकणं मला पटत नाही. ज्या जमिनींवर कुळाचा शेरा कधीच नव्हता त्याही ओस आहेत. मुलं मुंबईला गेली, मजुरी वाढली, भाताला भाव नाही, बांध राखायला जोळ उरली नाही.

शिवाय कायदा सगळ्यांना पोचलाही नाही. कृषक दिनाच्या आधी कितीतरी मालकांनी 'स्वतः कसायची आहे' म्हणून जमिनी परत घेतल्या. कितीतरी कुळांनी 'राजीखुशीने' राजीनामे दिले, आणि ती राजीखुशी कशी मिळवली जाते हे वर आलंच आहे. ज्यांचं नाव पीकपाहणीत कधी लागलंच नाही ते राहिले ते राहिलेच. डोंगरातल्या कातकऱ्यांची तर यात गणतीच नव्हती.

आणि पक्ष?

१९४७-४८ च्या सुमाराला काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदींनी शेतकरी कामगार पक्ष काढला. लाल झेंड्याच्या या पक्षाला कुलाबा जिल्ह्यात आयती मशागत झालेली जमीन मिळाली, कारण ती नारायण नागूंनी आधीच नांगरून ठेवली होती. पुढची अनेक दशकं अलिबाग, पेण, पनवेल, उरण म्हणजे शेकाप. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्याचा लढा जासईच्या दि. बा. पाटलांनी उभारला, तोही याच झेंड्याखाली. नारायण नागूंच्या घरातून मुलगा प्रभाकर पाटील आणि नातवंडं राजकारणात आली, आणि मग घराणेशाहीची टीकाही. तीही खोटी म्हणता येत नाही.

आज पक्षाची ताकद म्हणाल तर २०२४ च्या विधानसभेत एक आमदार, तोही रायगडातून नव्हे, सोलापुरातल्या सांगोल्यातून. राज्यपातळीवर मान्यता हवी तर निवडणूक आयोगाचं गणित साधारण असं: सहा टक्के मतं आणि दोन आमदार, किंवा तीन टक्के जागा, किंवा नुसती आठ टक्के मतं. मान्यता नसली की स्वतःचं राखीव चिन्ह नाही, आणि चिन्ह नाही म्हणजे म्हाताऱ्या मतदाराला दर वेळी नवं बटण शिकवायचं.

चरीला स्मारक आहे. दर २७ ऑक्टोबरला तिथे हार पडतो. वडखळ-अलिबाग रस्त्याने शनिवारी बंगल्यांकडे निघालेल्या गाड्यांची रांग जवळूनच जाते.

भाऊ परवा येऊन गेला. शंभर रुपयांचं चलन भरलं, फेरफाराला अर्ज टाकला. निघताना म्हणाला, "ती पेटी जरा उघड." प्रमाणपत्राचा फोटो काढला, मग पावत्यांचा. एक-एक पावती खाटेवर मांडून मोजत बसला. बारा हप्ते असायला हवे होते. अकरा निघाल्या. बारावी कुठे गेली यावर त्याचं आणि काकीचं रात्री जेवताना भांडण झालं, आणि जमीन विकायची की नाही हा विषय त्या दिवशी राहूनच गेला.